मशीन म्हणतं दोन्ही हात खराब, झोप मात्र एकाच हाताने मोडते

पत्र थोडक्यात: नाशिकजवळच्या एका ताईंनी लिहिलंय. वय ४८, घरातूनच डबे आणि पोळी-भाजीचा व्यवसाय, गिऱ्हाईक बहुतेक कॉलेजची मुलं. वर्षभर उजव्या हाताला मुंग्या येतात, दिवाळीनंतर वाढल्यात, रात्री दोन-तीनला जाग येते आणि हात झटकल्यावर बरं वाटतं. डाव्या हाताची काहीच तक्रार नाही. जानेवारीत कॉलनीत सकाळी साडेसातला 'नसांची मोफत तपासणी' असं शिबिर होतं, तिथे मनगटावर पट्टी लावून छोट्या मशीनने दोन मिनिटांत टेस्ट झाली आणि छापील रिपोर्ट आला, दोन्ही हात 'मॉडरेट कार्पल टनेल सिंड्रोम', म्हणजे मनगटात नर्व्ह (नस) दबण्याचा आजार, मध्यम प्रमाणात. तिथल्याच माणसाने १२ सिटिंगचं थेरपी पॅकेज सांगितलं, ते त्यांनी अजून घेतलेलं नाही. आयटीत असलेला मुलगा म्हणतो मशीन खोटं बोलत नाही, मे महिन्यात कॉलेजं बंद असताना दोन्ही हातांचं ऑपरेशन एकदमच उरकून टाकू. मिस्टर म्हणतात हे मानेचं आहे, पट्टा लाव. ओळखीच्या डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केलीत. थायरॉइडची गोळी होती ती 'बरं वाटत होतं म्हणून' दिवाळीपासून बंद आहे. प्रश्न असा: रिपोर्टवर विश्वास ठेवून ऑपरेशन करावं का, आणि परत टेस्ट मागितली तर डॉक्टरांना राग येईल का?

---

ताई, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना लक्ष मशीनकडे गेलं, दुसऱ्यांदा त्या थायरॉइडच्या गोळीकडे, जी तुम्ही शेवटून दुसऱ्या ओळीत जाता जाता लिहिली आहे. तिच्याकडे येतेच, पण आधी मशीन, कारण घरातली सगळी वादावादी त्या कागदावरून चाललीये.

तुमच्या मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मशीन खोटं बोलत नाही. पण तुम्ही ज्याचं उत्तर शोधताय तो प्रश्न त्या मशीनला कुणी विचारलेलाच नव्हता. त्याने एवढंच मोजलं की मनगटापाशी दिलेला बारीकसा करंट मीडियन नावाच्या नर्व्हमधून पुढे पोचायला किती वेळ लागला, आणि तो वेळ ठरवलेल्या आकड्यापेक्षा जास्त आला म्हणून सॉफ्टवेअरने आजाराचं नाव छापलं. तुमची रात्रीची झोप, कुठली बोटं बधिर होतात, डावा हात ठणठणीत आहे हे यातलं काहीही त्याला माहीत नव्हतं.

आता हे नीट समजून घ्या, म्हणजे मुलालाही समजावता येईल. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो, तोच कार्पल टनेल, खाली मनगटाची हाडं, वर जाड चिवट पट्टा, आणि त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि ही मीडियन नर्व्ह अशी सगळी गर्दी जाते. आत सूज आली की सगळ्यात आधी नर्व्ह चिमटते कारण तीच सगळ्यात नाजूक. चिमटली की तिच्यावरचं आवरण त्या जागी खराब होतं आणि करंट तेवढ्याच तुकड्यात हळू चालतो. 'तेवढ्याच तुकड्यात' हे महत्त्वाचं. नाशिकहून मुंबईला निघालेली एसटी उशिरा पोचली म्हणून लगेच कसारा घाटात अडकली असं म्हणता येतं का, त्या दिवशी सगळीकडेच धुकं असेल तर प्रत्येक रस्त्यावरची प्रत्येक गाडी उशिराच पोचणार ना. घाटातच अडकली हे ठरवायचं तर घाटातून न जाणारी, तेवढ्याच अंतराची दुसरी गाडी वेळेत पोचली का ते बघायला लागतं.

हातात अशी दुसरी गाडी आहे, अल्नर नर्व्ह, करंगळीकडची. ती या बोगद्यातून जात नाही. आणि निसर्गाची मजा बघा, अनामिकेला दोन्ही नर्व्ह येतात, अर्धं बोट हिचं अर्धं तिचं. त्यामुळे चांगल्या लॅबमध्ये एकाच बोटावर दोन्ही नर्व्हचा वेळ सारख्या अंतरावरून मोजतात आणि वजाबाकी करतात. अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास किंवा जास्त फरक आला तर मनगटाबद्दल शंका घ्यायला जागा आहे. तुम्ही रिपोर्टमधले जे आकडे लिहून पाठवलेत त्यात दोन्ही हातांच्या मीडियनचा एकेक आकडा आहे, अल्नरचा एकही नाही. म्हणजे दुसरी गाडी बघितलीच नाही.

आणि धुकं म्हणजे काय, तर थंडी. जानेवारी, नाशिक, सकाळी साडेसात! हात गार असेल तर नर्व्ह हळू चालते, हे काही आजचं ज्ञान नाही, हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० च्या सुमाराला बेडकाच्या नर्व्हमधला वेग पहिल्यांदा मोजला तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं की नर्व्ह थंड केली की वेग पडतो. माणसाच्या हातात एक डिग्री तापमान उतरलं की सेकंदाला साधारण दीड-दोन मीटर वेग कमी होतो. म्हणून लॅबमध्ये आधी हाताचं तापमान बघतात, ३२ डिग्रीच्या खाली असेल तर गरम पाण्याने नाहीतर हीटरने हात शेकून मग टेस्ट करतात. तुम्ही लिहिलंय की भांडी आवरून तशाच गेलात आणि नंबर लागेपर्यंत बाहेर खुर्चीवर बसून होतात. हात बर्फासारखे असणार. कुणी हाताचं तापमान घेतलं का हे तुम्ही लिहिलेलं नाही, रिपोर्टवर त्याचा रकाना आहे का तेवढं बघा. काही ऑटोमॅटिक मशीनमध्ये तापमानाचा सेन्सर असतो आणि ते आकडा आपोआप दुरुस्तही करतात, पण फारच गार हाताला तीही दुरुस्ती पुरत नाही.

म्हणजे तुमचा रिपोर्ट चुकीचाच आहे असं मी म्हणतेय का? नाही. उजव्या हाताचं जे वर्णन तुम्ही केलंय ते अगदी कार्पल टनेलसारखं आहे. रात्री जाग येणं, हात झटकला की बरं वाटणं, ही डॉक्टर मंडळी मुद्दाम विचारतात अशी खूण आहे. डाव्या हाताचं काय मग? दक्षिण स्वीडनमध्ये सर्वसामान्य लोकांची मोठी पाहणी झाली होती, १९९९ मध्ये छापून आली. त्यात हाताची काहीच तक्रार नसलेल्या लोकांचीही टेस्ट केली, तर त्यातल्या १८ टक्के लोकांची मीडियन नर्व्ह मनगटापाशी मंद निघाली. काही त्रास नाही, नुसता आकडा. हे तर पद्धतशीर केलेल्या टेस्टमध्ये, शिबिरात गारठलेल्या हातावर तर विचारायलाच नको. ज्या हाताची तक्रार नाही त्याच्यावर नुसत्या आकड्यासाठी सुरी चालवायची नसते. तुमच्या मुलाला एवढंच विचारा, की डाव्या हाताचं ऑपरेशन केल्यावर ते यशस्वी झालं हे आपल्याला कशावरून कळणार, आत्ताच काही होत नाहीये तर तेव्हा काय थांबेल?

उलट बाजूही सांगते, कारण हे सदर वाचणाऱ्यांत अशाही बऱ्याच जणी असतील. कुणाला खरंच त्रास असतो आणि टेस्ट नॉर्मल येते. ही टेस्ट फक्त जाड, वेगवान तंतू मोजते, दुखण्याची जाणीव नेणारे बारीक तंतू तिच्या हिशोबातच नसतात, आणि दाब नुकताच पडायला लागला असेल तर नर्व्ह अजून वेळेत चालत असते. अशा बाईला घरचे म्हणतात बघ, काही नाही, तुझ्या मनाचे खेळ. तसं नसतं. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ नर्व्हचं मोठं नुकसान अजून झालेलं नाही, एवढाच. ती चांगली बातमी आहे, पण त्रास खोटा ठरवायचा तो पुरावा नव्हे.

आणि मशीनला नुसत्या शिव्या घालायच्या नाहीयेत मला. जिथे तालुक्याच्या गावी न्यूरोलॉजिस्ट महिन्यातून एकदा येतो तिथे, हात तपासून झालेल्या डॉक्टरने, हात गरम करून, आपल्या शंकेची खात्री करायला असं मशीन वापरलं तर ते चांगलं काम करतं. सुई नाही, वेळ कमी, खर्च कमी. साध्यासरळ केसमध्ये त्याचे आकडे लॅबच्या आकड्यांशी बऱ्यापैकी जुळतात. अडतं कुठे, तर केस साधी नसते तेव्हा. काहींच्या हातात दोन्ही नर्व्हचे तंतू कोपराच्या खाली एकमेकांत गेलेले असतात, जन्मतःच, आजार नाही तो. कुणाला शुगरमुळे सगळ्याच नर्व्ह मंद असतात. कुणाचा सिग्नलच येत नाही, मग तो नर्व्ह मेलीये म्हणून येत नाही का हाताला तेल होतं आणि पट्टी नीट चिकटली नव्हती म्हणून? लॅबमध्ये बसलेला माणूस पडद्यावरची लाट बघून म्हणतो थांबा, परत घेऊ, जागा बदलू, मानेकडचंही बघू. ठरलेल्या जागी ठरलेलं मोजणारं मशीन एवढी उठाठेव करत नाही. अमेरिकेत तर आधीच जुळवून ठेवलेल्या पट्टीने केलेल्या टेस्टला २०१० पासून बिलाचा कोडच वेगळा आहे, म्हणजे पूर्ण टेस्ट आणि ही टेस्ट या दोन गोष्टी तिथे हिशोबातसुद्धा एक धरत नाहीत.

मानेचं आहे का, हा मिस्टरांचा प्रश्न तसा रास्त आहे. मानेत नर्व्ह दबली तरी अंगठ्याकडच्या बोटांत मुंग्या येतात. पण तेव्हा बहुतेकदा मान वळवली की कळ खांद्यातून खाली उतरते, आणि हात झटकून ती जात नाही. एक बारीक खूण सांगते जी घरी बघता येते. पुढच्या वेळी रात्री जाग आली की दिवा लावा आणि कुठे कुठे बधिर आहे ते दुसऱ्या हाताने चाचपून बघा. करंगळी सुटलीये का? अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर आणि करंगळीकडची चांगली, असं आहे का? तळहाताचा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग, तिथली कातडी नीट आहे का? तिथे जाणारी मीडियनची शाखा बोगद्यात शिरायच्या आधीच फुटते, म्हणून कार्पल टनेलमध्ये बोटं बधिर होतात पण ती जागा शाबूत राहते. कागदावर हाताचा पंजा ठेवून पेनाने बाह्यरेषा काढा, आणि बधिर भाग रंगवा. हसू नका, असं हाताचं चित्र रंगवून घेणं ही डॉक्टरांचीही पद्धत आहे, आणि 'सगळा हातच झोपतो हो' या वाक्यापेक्षा तो कागद दहापट उपयोगाचा.

मानेचा पट्टा मात्र नको. मनगटाचा हवा, आणि तो रात्री.

त्याबद्दल नीट सांगते कारण इथे बरेच जण फसतात. मेडिकलमध्ये मनगटाचा स्प्लिंट मिळतो, आत तळहाताच्या बाजूला ॲल्युमिनियमची पट्टी असते. बऱ्याच स्प्लिंटमध्ये ती पट्टी मनगट मागे वाकवून ठेवेल अशी वळवलेली असते. आपल्याला मनगट सरळ हवंय, पुढे नाही मागे नाही, कारण दोन्हीकडे वाकवलं की बोगद्यातला दाब वाढतो, आणि झोपेत आपण नेमकं हात मुडपूनच झोपतो. म्हणून पट्टी बाहेर काढा, गुडघ्यावर दाबून सपाट करा, परत घाला. फार आवळू नका, बोटं मोकळी हवीत. नुसतं क्रेप बँडेज गुंडाळून काही होत नाही. रोज रात्री, निदान सहा आठवडे, मध्ये दोन दिवस बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही.

आता गोळी. ताई, थायरॉइड कमी असेल तर अंगातल्या मऊ भागात पाणी धरल्यासारखी सूज येते, आणि त्या अरुंद बोगद्यात तेवढी सूजही पुरते. तुमचा त्रास दिवाळीनंतर वाढला आणि गोळी दिवाळीपासून बंद, याचा संबंध आहेच असं मी छातीठोक सांगणार नाही कारण मुंग्या त्याच्याही आधीपासून आहेत. पण टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) न बघता ऑपरेशनची तारीख काढणं म्हणजे कहर आहे. 'बरं वाटत होतं' ते गोळीमुळेच वाटत होतं हो! याच आठवड्यात रक्त द्या, टीएसएच, सोबत एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी तपासणी) आणि बी-१२. डॉक्टरांना गोळी बंद केल्याचं खरं सांगा आणि ते म्हणतील त्या डोसने परत सुरू करा.

बी-१२ आपल्याकडे कमी असतं खरं, शाकाहारी घरांत तर फारच, त्यामुळे तपासणं बरोबर आहे. पण ते कमी असेल तर मुंग्या साधारण पायांपासून आणि दोन्हीकडे सुरू होतात, एकाच हाताच्या तीन बोटांत रात्री दोनला नाही. तुम्हाला इंजेक्शनं आधी सुरू झाली, आता रक्तातला आकडा फुगलेला येईल, हेही लॅबच्या कागदावर लिहून घ्या. आणि 'नसांची ताकद' म्हणून ज्या मिश्र गोळ्या मिळतात त्यात बी-६ असतं, ते जास्त डोसमध्ये फार दिवस घेतलं तर त्यानेच नर्व्ह खराब होतात. स्वतःच्या मनाने महिनोन् महिने खाऊ नका.

पॅकेजला नम्रपणे नाही म्हणा. जो माणूस टेस्ट करतो, रिपोर्ट देतो आणि त्याच टेबलावर १२ सिटिंग विकतो, त्याच्या रिपोर्टमध्ये 'नॉर्मल' हा शब्द किती वेळा छापला जात असेल याचा जरा विचार करा.

मग परत टेस्ट करायची का? माझं मत, आज नको. टेस्ट तेव्हा करायची जेव्हा तिच्या उत्तराने पुढचा निर्णय बदलणार असतो. आत्ता काहीही उत्तर आलं तरी करायचं तेच आहे, स्प्लिंट, थायरॉइड, कामात थोडा बदल. सहा आठवड्यांनी फरक नसेल तर मग हॅन्ड सर्जन किंवा हाडांचे डॉक्टर, ते हात तपासतील, मनगट मिनिटभर वाकवून ठेवतील, बोगद्यावर अंगठ्याने दाब देतील, आणि तेव्हा ऑपरेशनचा विचार चालला तर पूर्ण एनसीव्ही, म्हणजे लॅबमधली नर्व्हच्या वेगाची सविस्तर टेस्ट. शहरातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करा, तिथे सोय असेल तर बाहेरच्यापेक्षा बरीच स्वस्त पडते. राग येईल का म्हणता, तर सरळ असं म्हणा, 'डॉक्टर, ही शिबिरातली टेस्ट आहे, हात गार होते, अल्नरशी तुलना नाही, पूर्ण एनसीव्ही करून घेऊ का?' यावर चिडणारा डॉक्टर असेल तर बरंच झालं ना, ऑपरेशनच्या आधीच कळलं. टेस्टला जाताना हातांना तेल-क्रीम लावू नका, पेसमेकर असेल तर आधी सांगा, आणि थंडी असेल तर हातमोजे घालून जा.

हे सगळं थांबून बघण्याचं बोलणं एका अटीवर आहे. दोन्ही तळहात शेजारी ठेवून अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा बघा. उजवीकडे तो सपाट किंवा खड्डा पडल्यासारखा दिसत असेल, ब्लाऊजचे हुक लावता येत नसतील, लाटणं-पळी हातातून सुटत असेल, किंवा बधिरपणा आता रात्रीपुरता न राहता दिवसभर राहत असेल, तर सहा आठवडे थांबू नका, लगेच दाखवा. तिथे नर्व्हचे तंतू मरायला लागलेले असतात आणि नंतर ऑपरेशन करून मुंग्या गेल्या तरी गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. आणि अचानक एका बाजूचा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर ते कार्पल टनेल नव्हे, तडक हॉस्पिटल गाठायचं.

कामाचं म्हणाल तर कणीक मळणं हेच मनगटाला सगळ्यात महाग पडतं, जोर लावून तेच तेच परत परत. कणीक मळायचं मशीन घ्या, या धंद्यात ते लवकर वसूल होतं, आणि मुलाला खर्चच करायचा असेल तर इथे करू दे. (कीबोर्डने कार्पल टनेल होतो असं आयटीवाले फार म्हणतात, पण त्याचा पुरावा तसा कच्चा आहे, जोराच्या आणि थरथरणाऱ्या यंत्रांच्या कामाचा पक्का आहे.) पिळून काढायची कामं, चिंच कोळणं, फडकी पिळणं, थोडे दिवस डाव्या हाताला किंवा दुसऱ्या कुणाला द्या.

स्प्लिंटने अर्धवटच फरक पडला तर मधला एक पर्याय आहे, बोगद्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन. आराम बऱ्याच जणांना पडतो, पण बऱ्याच जणांचा त्रास काही महिन्यांनी परत येतो. शुगर असेल तर काही दिवस ती वाढते, म्हणून एचबीएवनसी आधी. आराम पडला तर रोग मनगटातच आहे याचीही चांगली खूण मिळते, हा एक फायदा.

आणि ऑपरेशनच करायचं ठरलं तर घाबरण्यासारखं ते नाही, बहुतेकदा फक्त हात बधिर करून करतात, तो वरचा पट्टा कापून बोगदा मोकळा करतात, त्याच दिवशी घरी. दहा-चौदा दिवसांत टाके निघतात. पण तळहाताच्या बुडाशी दाबलं की दुखणं काही आठवडे-महिने राहतं आणि पकडीची ताकद सावकाश येते, त्यामुळे महिना-दीड महिना कणकेला हात लावायचा नाही असंच धरून चाला. दोन्ही हात एकदम बांधले तर वेणी कोण घालणार, संडासला गेल्यावर काय करणार, हा विचार मुलाने केलेला दिसत नाही. आधी उजवा, एकटा. मे महिना वाईट नाही, आजपासून सहा आठवडे धरले तर तुम्ही तिथेच पोचताय, तेव्हा डॉक्टरांची वेळ आत्ताच घेऊन ठेवा आणि ऑपरेशनची तारीख त्यांनी हात तपासल्यावर ठरू दे.